दौलतची गिरकी

आमच्या गल्लीतल्या बायका सकाळी मिसरी लावायच्या. माझा दीर दौलत उंबऱ्यावर बसून सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती चोखायचा. ती ओली झाल्याशिवाय त्याचा सॅक्सोफोन बोलत नसे, आणि सॅक्सोफोन बोलल्याशिवाय तो चहाला शिवत नसे. गार झालेला चहा परत तापवायला मी होतेच.

साताऱ्यात आमच्या घरचा लग्नाचा बँड होता. माझे मालक तो चालवायचे. दौलत पलटणीच्या बँडात होता. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत त्याला कलकत्त्याला ठेवलं, तिथं एका काळ्या अमेरिकन सोल्जरनं त्याला जॅझ शिकवलं. बाकीचे जवान पेन्शन नाहीतर जखमा घेऊन परतले. हा जॅझ घेऊन आला आणि घरच्या बँडात वाजवायला लागला.

जॅझ म्हणजे काय, तर गाणं सरळ सुरू करायचं आणि मग त्याला तिथंच सोडून हिंडायला जायचं. एकदा गेलेल्या वाटेनं तो पुन्हा कधी जात नसे. मी विचारलं, "भावजी, गाणं हाय तसं वाजवलं तर काय बिघडतं?"

"वैनी, गाणं म्हंजे काय पोस्टाचं पाकीट हाय व्हय, हाय तसं पोचवायला?"

"पाकीट पोचतं तरी. तुमचं वाटंतच फुटतंय."

तो हसायचा. माझं बोलणं त्याला कधी लागलं नाही. कुणाचंच लागत नसे.

कराडकडच्या एका पाटलाच्या लेकाची वरात होती. पुढं लेझीमवाले, मागं आमचा बँड. लेझीमवाले महिनाभर तालीम करून आलेले. मारुतीच्या देवळापुढं दौलतनं डोळे मिटले आणि गाण्याला अशी एक गिरकी दिली, की आमचा ढोलवालाच भुलला. ठेका सोडून तो तिच्या मागं गेला. मग काय, लेझमीची पुढची रांग वाकली, मागची तिच्यावर धावून गेली, एकाची लेझीम दुसऱ्याच्या फेट्यात अडकली. घोडा तेवढा शहाण्यासारखा उभा होता.

"आरं, वरात हाय का जनावरांचा बाजार?" पाटलाचा म्हातारा बाप ओरडला. दौलतचे डोळे मिटलेलेच.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मालक म्हणाले, "हितनं फुडं सरळ वाजव. न्हाईतर बँड सोड. ह्या बँडावर चार घरं जेवत्यात."

"सरळच वाजवायचं तर मी कशाला, दादा? रेकॉर्ड लाव की."

एवढं बोलून त्यानं सॅक्सोफोन जुन्या धोतरात गुंडाळला आणि मिरजेला निघून गेला. जेवलाही नाही. त्याची भाकरी मी म्हशीला घातली.

मिरजेत तो एका सतार करणाऱ्या कारागिराच्या माळ्यावर राहिला. त्या वरातीवरून आम्हाला हसलेले बँडवाले मग सांगली, तासगाव, फलटणहून क्लॅरिनेट काखेत मारून तो माळा चढायला लागले. सगळ्यांना मारुतीपुढची ती गिरकी हवी होती. तो म्हणायचा, "माझं इसरा, मग शिकवतो." त्यांना वाटायचं, हा विद्या लपवतोय. शेवटी आमच्या ढोलवाल्याच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी ती उचललीच. इकडं मालकांनी बोलावणं धाडलं नाही, आणि तो आपणहून आला नाही. एका आईची दोन गाढवं.

पुढं छातीच्या रोगानं पोखरल्यावर त्याला घरी आणावं लागलं. तेव्हा फुंकायला दम उरला नव्हता. मालक उशाशी बसून म्हणाले, "आता कसंबी वाजव, दौलत." आता म्हणून काय उपयोग? त्यानं पत्ती तेवढी मागून घेतली आणि तोंडात धरली.

तो गेला. बँडवाल्याला बँडानंच पोचवायची आमच्यात रीत. गावोगावचे बँड आले. एकामागून एक सगळ्यांनी तीच गिरकी वाजवली. तशीच, एक सूर इकडचा तिकडं नाही.

मालकांचे डोळे भरले. "बघ, समदे त्याचंच वाजवत्यात."

"भावजींचं कुठलं?" मी म्हटलं. "त्ये असते तर आज ह्ये सोडून दुसरंच कायतरी वाजवलं असतं."

पुढं आमच्या बँडानंही ती गिरकी तालमीत बसवली. लेझीमवाल्यांनी तिच्यावर पाऊल बसवलं. आता कुणाचा फेटा अडकत नाही.