चाचणीतून वगळलेली मुलगी

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बदनापूरच्या शेती संशोधन केंद्रात तुरीच्या वाणांच्या चाचण्यांचं गणित बघायचे. कुठल्या वाफ्यात कुठला वाण लावायचा हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवायचो, म्हणजे चांगली जमीन एकाच वाणाच्या वाट्याला जात नाही.

मी राहायचे जालन्याला. एक दिवस तिथलेच एक बालरोगतज्ज्ञ ओळख काढून माझ्या घरी आले. दुर्मिळ आजार असलेल्या सात मुली त्यांच्याकडे होत्या. वर्षभर चांगल्या वाढलेल्या, मग शिकलेले चार शब्दही विसरलेल्या, दिवसभर हात चोळत बसणाऱ्या. एका कंपनीचं नवं सिरप त्यांना देऊन बघायचं होतं.

"चौघींना औषध, तिघींना नुसतं गोड पाणी. भागेल ना एवढ्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही भागणार," मी म्हणाले. सातांत एखादी मुळातच बऱ्यापैकी असली, तर ती ज्या गटात जाईल तिकडं निकाल झुकणार. त्यापेक्षा प्रत्येकीला दोन्ही द्या. काही आठवडे एक, मधे मोकळा काळ, मग दुसरं. आधी कुठलं ते चिठ्ठीवर ठरवा, आणि कुठली बाटली चालू आहे हे आईलाही कळू नये, तुम्हालाही. म्हणजे मुलीची तुलना तिच्या स्वतःशीच होते. त्यांना पटलं. मलाही बरं वाटलं, तुरीपलीकडचं काही हातून होतंय म्हणून.

मोजायचं काय, यावर अडलं. डॉक्टरांना ठोकळे रचायची परीक्षा घ्यायची होती. जिचे हात एकमेकांतून सुटत नाहीत, ती ठोकळे काय रचणार? मी आयांनाच विचारलं. हसनाबादकडची एक शेतकरी घरातली बाई म्हणाली, "ताई, ठोकळ्याचं मला काय करायचंय? पोरीला घास गिळताना सारखा ठसका लागून राह्यला. तेवढा थांबला तरी बास. अन् रातीला झोपली पाहिजे."

मग आम्ही तेच मोजायचं ठरवलं.

चाचणी जालन्यातल्या एका खासगी दवाखान्याच्या मागच्या खोलीत झाली. मला पहिली किळस तिथं आली. डॉक्टर दोन बोटांनी मुलीची हनुवटी वर करायचे आणि लाळ लागली की बोटं तिच्या आईच्या पदराला पुसायचे. बोलता बोलता, सहज. कंपनीच्या माणसाशी बोलताना मुलींना 'माझं मटेरियल' म्हणायचे.

दुसऱ्या टप्प्यात हसनाबादच्या त्या मुलीला झटके यायला लागले. आई तिला एसटीनं घेऊन आली, मांडीवर आडवी, ओठ निळसर पडलेले. मी हट्ट धरला म्हणून तिची चिठ्ठी उघडली. तिला औषधच चालू होतं. ते बंद करून झटक्यांवर दुसरं औषध दिलं. इथवर ठीक होतं.

चाचणी संपली तसे डॉक्टर पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. सोबत कंपनीचा माणूस.

"मॅडम, झटक्यांवाली केस काढून टाकू. बाकी सहाजणींत निकाल छान दिसतोय," डॉक्टर म्हणाले.

"तिला झटके औषध चालू असतानाच आले."

"आधीही येत असतील. त्या बाईला काय कळतंय? तुम्ही नाही का वाळलेलं रोप मोजणीतून सोडून देत?"

"फवारणीनंतर वाळलं असेल, तर तेच आधी लिहितो."

कंपनीच्या माणसानं पुडा स्वतःच सोडला. दाताला चिकटलेला पेढा जिभेनं काढत म्हणाला, "एका पोरीपायी एवढं काम वाया घालवायचं का?" उरलेला पुडा मी त्याच्या हातात दिला आणि दार उघडून उभी राहिले.

निकाल माझ्या सहीशिवाय एका परिषदेत मांडला गेला. मुली सहा, सुधारणा उत्तम. मी आयोजकांना लिहिलं, चाचणीला परवानगी देणाऱ्या समितीला लिहिलं. विषय संपलाय, असं उत्तर आलं. गावात डॉक्टरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

मग मी हसनाबादला गेले. त्या बाईला डॉक्टरांनी इतकंच सांगितलं होतं, की तुमच्या मुलीला औषध मानवलं नाही. मी झालेलं सगळं सांगितलं. ती मुलीच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती.

"म्हंजी माझं चुकलं न्हवतं?" तिनं विचारलं. "मला वाटून राह्यलं, मीच डोस जादा दिला असंल."

"तुमचं काही चुकलं नव्हतं."

"मंग बाकीच्या पोरींना अजून तेच पाजून राह्यलेत का?"

तेच पाजत होते; चाचणी संपली तरी कंपनी डॉक्टरांना बाटल्या पुरवत होती. दुसऱ्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन ती माझ्याबरोबर निघाली. वडीगोद्रीच्या एका आईनं आमचं ऐकून घेतलं आणि बाटली मोरीत ओतली. बाकीच्या घरांत मात्र कुणी ऐकेना. पोरगी सुधरून राह्यली, असं डॉक्टर म्हणतात, तुम्ही कोण सांगणाऱ्या? एकीनं तर दारच लावून घेतलं. मला तिचा राग आला नाही.

पुढं ते सिरप बाजारात आलंच नाही. का, ते कंपनीनं कधी सांगितलं नाही. हसनाबादच्या मुलीचे झटके कमी झाले, ठसका तसाच राहिला. डॉक्टरांचा दवाखाना जोरात चालतो. लग्नाकार्यात समोर आले की हसून हात पुढं करतात. मी दोन्ही हात जोडून नमस्कार करते, म्हणजे त्या बोटांना शिवावं लागत नाही.