रांगोळीवर पाय कोण देणार

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर 'हात लावू नये' ही पाटी काढून टाकणं. वाचनालयं, संग्रहालयं, बागा, कार्यालयांचे व्हरांडे अशा जागी लोकांनी बोट लावावं, खेळावं, असे पडदे आणि भिंती मी बनवतो. पण ती पाटी लोकांच्या मनातून सहज निघत नाही. वरूडला संत्र्याची माहिती देणारा एक टच स्क्रीन आम्ही बसवला होता. एका आजोबांनी आधी धोतराला बोट पुसलं, मग माझ्याकडे बघून परवानगी घेतली आणि पडद्यावरच्या संत्र्याला बोट लावलं. संत्र्याच्या फोडी मोकळ्या झाल्या तसे ते मागे सरले आणि म्हणाले, "म्या काही नाही केलं हो!"

हे वाक्य ऐकून मला एकदम आपुलकी वाटली. दारात पोस्टमन आला तरी आपल्या हातून काय चुकलं असेल, हे आधी आठवणारा मी माणूस आहे. पण मी सांगतोय त्या वेळी मी खरंच काहीतरी केलं होतं.

अमरावतीतल्या एका वाचनालयाने मुलांसाठी नवं दालन बांधलं. त्यांना खेळणारी फरशी हवी होती. छतावर प्रोजेक्टर, शेजारी माणसाची हालचाल टिपणारा सेन्सर, खाली फरशीवर चित्र, आणि पाय पडेल तिथे चित्र बदलणार. मी ठरवलं, फरशीभर रांगोळी टाकायची. मूल तिच्यावरून धावलं की पाकळ्या उधळतील, रंग सांडतील, आणि ते पलीकडे गेलं की रांगोळी पुन्हा जुळेल. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना कल्पना फार आवडली.

रांगोळी मात्र माझी नव्हती. माझी मोठी बहीण अकोल्याला असते. ती रोज सकाळी दारात रांगोळी टाकते आणि तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला ठेवते. मी रोज बघतो आणि कधी एक अक्षर लिहीत नाही. त्यातलाच एक फोटो मी घेतला. तिला विचारलं नाही. आधी वाटलं, नुसतं करून बघू. मग काम रंगत गेलं आणि विचारायची वेळ टळत गेली. फोनवर तब्येत, पाऊस, भाव, सगळं बोललो, एवढंच बोललो नाही. कारण विचारायचं काय? 'ताई, तुझी रांगोळी गावभराच्या पायाखाली टाकू का?'

रांगोळी हा तिचा जीव आहे. तिच्या दारासमोर कुणी सायकल नेली तर ती स्वयंपाकघरातून ओरडते. म्हणून मी ठरवलं की चाचणीच्या दिवशी तिला बोलवायचं, सगळे खेळत असतील, हसत असतील, त्या आनंदात हळूच सांगून टाकायचं. "माझं काम बघायले ये," एवढंच म्हणालो. ती इतकी खूश झाली की मला आणखी वाईट वाटलं.

दिवाळीला थोडे दिवस उरले होते. शनिवारी सकाळी ग्रंथपाल बाईंनी आजूबाजूच्या घरांतल्या आया आणि मुलं बोलावली. ताईची बस मूर्तिजापूरला बंद पडल्याचा फोन आला. माझा भागीदार मूळचा भातकुलीचा, वायरी आणि प्रोजेक्टर त्याच्याकडे. त्याने दिवे मंद केले, बटण दाबलं. पांढऱ्या फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत रांगोळी उमटली. लोक "अगं बाई!" म्हणाले आणि दारातच चपला काढू लागले.

चपला काढून ते आत आले आणि एकामागे एक, भिंतीला पाठ घासत, रांगोळीच्या कडेकडेने चालू लागले. साडीच्या निऱ्या वर धरलेल्या, मुलं कडेवर घेतलेली. एक पोरगी मध्ये जायला निघाली तर तिच्या आईने दंड धरून मागे ओढलं.

"ए, तुडवू नोको! दिसत नाही का रांगोळी?"

"मंग खेळाचं कुठं?"

"बाहीर खेळ!"

एक गृहस्थ पलीकडच्या दाराने बाहेर पडले, पुन्हा वळसा घालून आत आले आणि म्हणाले, "लय झकास हाय. पन लगन कोनाचं हाय?"

भागीदार हात जोडून म्हणाला, "अवं, चाला ना वरून! चालाचीच हाय ते!"

"तू चाल पहिले," एक आजी म्हणाली.

त्याने पाय उचलला. तो पाय तसाच हवेत राहिला आणि मग हळूच मागे आला. "मले नाही जमत, राजा," तो माझ्या कानात म्हणाला. "तूच दे."

मलाही जमलं नाही. आणि आता खरं सांगतो, ते मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. आधीच्या चाचण्या आम्ही राखाडी गोल टाकून घेतल्या होत्या. रांगोळी आदल्या दिवशी चढवली, तेव्हा मी तिच्यावर चेंडू घरंगळत सोडला आणि पाकळ्या नीट उधळल्याचं पाहून समाधान मानलं. स्वतः पाय दिला नाही. दमलो होतो म्हणून चेंडू टाकला, असं तेव्हा मनाला सांगितलं होतं.

नेमकी त्याच वेळी ताई दारात आली. एका हातात डब्याची पिशवी, कपाळावर घाम. तिने सवयीने चप्पल काढली, फरशीकडे पाहिलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. मी कडेकडेनेच तिच्यापाशी गेलो.

"ताई, तुझीच हाय. तुझ्या स्टेटसवरून घेतली. विचारलं नाही तुले."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बोट दाखवून म्हणाली, "ते उजवीकडची पाकळी कुठून आली?"

तिच्या दारात उजव्या हाताला नळाच्या मीटरचं लोखंडी झाकण आहे. त्यामुळे तिच्या प्रत्येक रांगोळीत तिथली एक पाकळी नसते. मला ती उणीव वाटली होती. कॉम्प्युटरवर समोरची पाकळी उचलून मी तिथे चिकटवली होती.

"म्याच जोडली," मी म्हणालो.

"घेतली तं घेतली, वरून दुरुस्त केली?" आता ती माझ्याकडे वळली. "आन् विचारलं असतं तं मी नाही म्हटलं असतं का रे तुले?"

रागावली असती तर बरं, असं वाटलं. मी म्हणालो, "लोकाच्या पायाखाली टाकाची म्हणून भेव वाटलं."

"मंग कोन देऊन राहिलं पाय?" तिने भिंतीला चिकटलेल्या लोकांवर नजर फिरवली आणि तिचा आवाज चढला. "अक्कल हाय का तुले? दर भाऊबीजेले पाटावर येऊन बसतं. तवा रांगोळी कुठं असते? पाटाच्या भोवती, का तुह्या बुडाखाली?"

सगळं दालन हसलं. त्या आजीला तर ठसका लागला. मी हसलो नाही, कारण मला एकदम फरशी दिसली. माझ्या डोक्यात असलेली नव्हे, वेगळी. मी भागीदाराकडे पाहिलं, तो आधीच लॅपटॉप उघडत होता.

"रिकामी ठेवू," तो म्हणाला. "मानूस आला का त्याच्या भोवती."

ग्रंथपाल बाईंनी लोकांना दुपारी परत यायला सांगितलं. कुणी गेलंच नाही. मुलं व्हरांड्यात पकडापकडी खेळली. ताईने डबा उघडून पातोडीची भाजी आणि पोळ्या वाढल्या, आजीलाही बसवलं, आणि आम्ही दोघं एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने काम करत राहिलो. अवघड काही नव्हतं. सेन्सरला माणूस कुठे आहे ते कळतच होतं. आधी तिथली रांगोळी उधळायची होती, आता तिथली जागा मोकळी सोडून भोवती काढायची होती. मी गुपचूप ती जोडलेली पाकळी पुसली.

"झालं," भागीदार म्हणाला. फरशी आता कोरी पांढरी होती. दारात पुन्हा गर्दी झाली, पण सकाळच्या अनुभवाने पुढे कुणी होईना. मी ताईचा हात धरला.

"मले काहून? पोरायले पाठव."

"तू चाल पहिले," आजी तिलाही म्हणाली.

ती मध्यापर्यंत गेली आणि थांबली. तिच्या पावलांभोवती एक पांढरी रेघ फिरली, रेघेतून पाकळ्या फुटल्या, पाकळ्यांत हळदी-कुंकवाचे रंग भरले. उजव्या हाताला एक जागा मोकळी होती. ताईने ती पाहिली. पदर सावरून ती सरळ उभी राहिली, पाटावर बसवल्यावर माणूस नकळत ताठ होतो तशी. आजवर तिने सगळ्यांभोवती रांगोळ्या काढल्या. तिच्याभोवती कुणी काढल्याचं मला आठवेना.

मग तिने एक पाऊल टाकलं. रांगोळी तिच्याबरोबर सरकली. ती डावीकडे गेली, रांगोळी डावीकडे. ती हसत भराभर चालू लागली.

"अरे, हे तं सोडूनच नाही राहिली मले!"

त्या हसण्यावर पोरं धरून ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं. सगळी आत घुसली, आणि ज्याच्या त्याच्या पायाभोवती फूल. दोघं जवळ आले की दोन फुलं मिळून एक मोठं होई, हे पोरांना लगेच कळलं आणि ती एकमेकांना मिठ्या मारत सुटली. सकाळचे गृहस्थ दोन्ही हात पसरून गोल फिरले. आजी मध्ये खुर्ची मागवून तिच्यावर बसली आणि उठेना. भागीदार माझ्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाला, पण त्या गलक्यात मला ऐकू आलं नाही.

संध्याकाळी ताईला बसमध्ये बसवताना मी पुन्हा माफी मागायला लागलो. तिने खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालावर चापटी मारली. "बस झालं आता. भाऊबीजेले टाइमावर ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्टेटसला नवी रांगोळी होती. निळ्या ठिपक्यांची, एक पाकळी कमी. पहिल्यांदाच मी खाली लिहिलं, "ताई, हे घेऊ का?"

उत्तर लगेच आलं. "घे. पन पाकळी जोडू नोको."

ती रांगोळी आता त्या फरशीवर आहे.