लाखेच्या घरातली सहा माणसं

कुरुंद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विश्वंभर कऱ्हाळे बावीस वर्षं ड्रेसर होते. सकाळी बैलांच्या जखमा धुवायच्या आणि दुपारी दवाखाना ओस पडला की महाभारतावर कादंबरी लिहायची, असा त्यांचा दिवस. लाक्षागृहावरची त्यांची पहिलीच कादंबरी गावोगाव गेली. भुयार, पेटलेला वाडा, आईला खांद्यावर घेऊन धावणारा भीम. प्रत्येक प्रकरण अशा जागी तोडलेलं की वाचणारीची भाकरी तव्यावर करपावी. चार आवृत्त्या निघाल्या. बाजारात लोक 'लेखकसाहेब' म्हणून हाक मारायचे.

एका दुपारी लक्ष्मीबाई शेळी घेऊन आल्या. त्या हळद काढायच्या कामाला जायच्या. वाचता येत नव्हतं, पण लेक पल्लवीनं त्यांना सबंध पुस्तक वाचून दाखवलं होतं. शेळीच्या पायाला पट्टी बांधून झाली तशा त्या म्हणाल्या, "सायेब, त्या बाईचं नाव काय व्हतं?"

"कोणत्या?"

"पांडवांच्या जागी जळाली ती. पाच लेकरं घेऊन जेवायला आलती."

कादंबरीत तिच्यासाठी एकच ओळ होती. कुंतीच्या घरी जेवायला आलेली निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे दारू पिऊन तिथंच झोपले, आणि सकाळी ते सहा देह पाहून लोकांना कुंती आणि पांडवच मेले असं वाटलं.

"ग्रंथात नाव न्हाई तिचं," विश्वंभर म्हणाले.

"ग्रंथात नसंल. तुमी काहून न्हाई ठिवलं? घोड्याला बी नाव दिलंय तुमी."

त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर एक बाई आणि पाच पोरं बसलेली विश्वंभरांना दिसली. सोबत जनावर नव्हतं. "या आत," ते म्हणाले. कोणी हललं नाही. बाहेर जाऊन बघितलं तर बाक रिकामा. मग हे रोजचंच झालं. हळद शिजवायच्या दिवसांत चुलवणाचा धूर आला की ते हातातलं काम टाकून उभे राहायचे. एकदा घरी जेवणाच्या वेळी त्यांची बायको मनकर्णा दारातच थबकली. "पाहुणे येऊन राहिले का? एवढी ताटं काहून मांडली?" विश्वंभरांनी मोजली. सहा जास्तीची होती.

मग त्यांनी दुसरी कादंबरी लिहायला घेतली. त्या बाईवरच. आता सोपं लिहिणं त्यांना पाप वाटू लागलं होतं. संवाद काढून टाकले, काळ मोडला, वाक्यं पानपानभर लांबवली. जुन्या प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं. पुण्याच्या एकानं छापलं. समीक्षकांनी 'मौनाची गाथा' म्हणून वाखाणलं, हिंगोलीत शाल-श्रीफळ मिळालं. गावच्या वाचनालयातल्या प्रतीवर मात्र वर्षभरात एकही शिक्का पडला नाही. आणि बाकावरची माणसं उठली नाहीत.

शेवटी पुस्तक घेऊन ते स्वतःच लक्ष्मीबाईंच्या अंगणात गेले. पल्लवी वाचू लागली. वीसेक पानांवर आईनं तिला थांबवलं.

"सायेब, हे तुमचं दुःख हाय. तिचं कुठंय? पैल्या पुस्तकात एक ओळ व्हती, पर ती लेकरं घेऊन आली, पोटभर जेवली, एवढं तरी दिसलं. हितं ती बोलतच न्हाई."

विश्वंभरांचं तोंड उतरलं. पल्लवीच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटत त्यांनी विचारलं, "मग काय लिहू?"

"ती जेवायला काहून आली ते लिवा. कोन्तं लेकरू काय म्हन्लं ते लिवा."

त्या उन्हाळ्यात दर रविवारी ते चार पानं घेऊन जायचे. लक्ष्मीबाई ऐकायच्या, मोडायच्या, पुन्हा सांगायच्या. पाचही पोरांना त्यांनी नावं दिली. आईचं नाव निघेना, तेव्हा म्हणाल्या, "कुंती राणी, मंग ही बी राणी. राणीच ठिवा."

ते प्रकरण पहिल्या कादंबरीच्या पाचव्या आवृत्तीत गेलं, भुयाराच्या अगदी आधी. त्यात राणीचा धाकटा ताटातला लाडू दुसऱ्या दिवसासाठी आईला पदरात बांधून ठेवायला सांगतो. काही वाचकांनी मोबाइलवर शिव्या धाडल्या. पराक्रमाची मजा घालवली म्हणे.

बाक रिकामा होईल ही विश्वंभरांची आशा फोल ठरली. फरक एवढाच, की आता ती माणसं आपसात बोलायची आणि ते त्यांना ऐकू यायचं.

मागच्या पोळ्याला कापड दुकानवाले पुनमचंद गायीचं औषध न्यायला आले. औषध घेऊनही जाईनात.

"लेखकसाहेब, तो भीम धावतो ना आईला घेऊन, ते मला तोंडपाठ होतं. आता तिथवर जाताच येत नाही. त्या पोराचा लाडू आडवा येतो." त्यांनी आवाज खाली आणला. "रोज दुकान उघडलं की पायरीवर कोणीतरी बसलेलं वाटतं."

"किती जणं?" विश्वंभरांनी विचारलं.