धाकटीनं सोडवलेलं घर

घर गहाण पडलं ते इंजिनापायी. आमच्या वाडीतल्या विहिरीवर रहाट होता, रहाटाला रेडा होता, केळी-नारळ सुखात पाणी पीत होते. पण मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पलीकडच्या वाडीत तेलावर चालणारं इंजिन पाहिलं आणि झालं! माणूस हट्टाला पेटला. राहतं घर वसईच्या एका सावकाराकडे गहाण टाकलं, इंजिन आणलं, नारळ फोडला, वाडीभर पेढे वाटले. वर्ष उलटतंय न उलटतंय तोच लढाई सुरू झाली आणि तेल मिळेनासं झालं. रेडा तर आधीच विकलेला. केळी उभ्या उभ्या वाळल्या, हप्ता थकला, व्याज चढलं, आणि एके दिवशी सावकाराचा माणूस आमच्या ओटीवर चार लोकांदेखत नको नको ते बोलून गेला.

त्या संध्याकाळी मामंजींनी आपली वळकटी उचलली आणि इंजिनाच्या खोपीत नेऊन टाकली. "गहाणाचा कागद सुटेपर्यंत मी ह्या घरात जेवणार नाही, झोपणार नाही," म्हणाले. आम्हाला वाटलं, राग आहे, चार दिवसांनी उतरेल. कसला उतरतो! सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ते ओटीच्या पायरीपाशी येऊन उभे राहिले, वर चढले नाहीत.

त्यांचं ताट खोपीत न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नवी सून होते, सतरा-अठरा वर्षांची. केळीच्या रांगांमधून ताट झाकून न्यायचं, ते जेवेपर्यंत बाहेर थांबायचं, रिकामं ताट घेऊन परत यायचं. मामंजी बोलायचे कमी. "पोरी, आज कालवण झकास जमलंय," एवढं एखाद्या दिवशी म्हणायचे. तेवढ्यावर माझे आठ दिवस जायचे. माहेरी आम्ही सहा बहिणी, तिथे मला कोणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. पाच-सहा वर्षं मी ते ताट नेलं आणि माझं बरं चाललं होतं.

मग धाकटी आली. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या दिराचं लग्न झालं. दीर मुंबईत कारकून, शनिवारी घरी यायचा. त्याची बायको आगाशीकडची, सातवी शिकलेली, काळीसावळी, दात जरा पुढे. मी पहिल्याच दिवशी मनात म्हटलं, दिसायला तरी मी उजवी आहे. देवा, काय काय धरून बसते बाईमाणूस!

ह्या धाकटीनं आल्या वर्षीच सुकेळी घालायला घेतली. आम्ही आपली केळी घडानं व्यापाऱ्याला देऊन मोकळे व्हायचो. ही राजेळी केळी पिकवायची, सोलायची, अंगणात बांबूच्या कामट्यांचा गुडघाभर उंच मांडव केला होता त्यावर उन्हात पसरायची. संध्याकाळी एकेक केळं गोळा करून वाळक्या पानांत गुंडाळून ठेवायची, सकाळी पुन्हा उन्हात. आठ दिवस हा उपद्व्याप. शेवटी ती तपकिरी, चिकट, मधासारखी व्हायची आणि मुंबईचा एक व्यापारी वाट्टेल तो भाव देऊन न्यायचा. केळी तीच, वाडी तीच! माझा घड मातीमोल जायचा आणि तिच्या मांडवावर सोनं पिकायचं.

आणि ते पैसे तरी अंगाखांद्यावर घालावेत की नाही? छे! दोघे भाऊ वर्षाचा हप्ता निम्मा-निम्मा भरत होते, तो वेगळाच. त्याच्यावर ही बाई सुकेळ्यांचे पैसे घेऊन स्वतः सावकाराकडे जायची आणि त्याला सांगायची, "हे व्याजात नको, मुद्दलात धरा, आणि तसं लिहून द्या." मुद्दल उतरलं की पुढच्या वर्षी व्याज कमी लागतं, हे तिला कळत होतं. मला कळत नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे कमीपणा. सोबतीला आमचे हे जायचे. घरी येऊन मलाच सांगायचे, "अगं, सावकाराचं तोंड बघायला हवं होतंस! म्हणतो, बाई, एवढी घाई कसली, अजून आठ-नऊ वर्षं मुदत आहे. ही म्हणाली, मुदत तुम्हाला हवीय, आम्हाला नकोय." आणि हसायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. माझ्या कुठल्या बोलण्यावर हा माणूस असा हसला होता?

दुसऱ्या वर्षी तिनं माहेरच्या पाटल्याही मोडून मुद्दलात भरल्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा तिच्या हातात नुसती काचेची काकणं बघून मी शेजारणीला म्हणाले होते, "सोनं खोटं असणार, काळं पडलं म्हणून काढून ठेवलंय." शेजारीण हसली आणि मला फार बरं वाटलं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. एके दिवशी ताट घेऊन गेले तर मामंजी म्हणाले, "उद्यापासून धाकटीला पाठव. किती फिटलं, किती राहिलं, ते तिच्याशी बोलायचं असतं." झालं. ताट माझ्या हातून गेलं. स्वयंपाक माझा, कालवण माझं, आणि घेऊन जाणार ती! लढाई संपल्यावर तेल पुन्हा मिळायला लागलं होतं; इंजिन बंद असलं की खोपीतलं त्यांचं हसणं घरापर्यंत ऐकू यायचं. इतक्या वर्षांत मामंजी माझ्यासमोर एकदाही मोठ्यानं हसले नव्हते. मी भांडी आपटायचे. ऐकायला होतं कोण?

अर्नाळ्याची एक कोळीण मासळी घेऊन दाराशी यायची. तिनं आगीत तेल ओतलं. "तुजी धाकटी जाव घर सोडवतेय म्हने. मंग गो बाय, घर तिचंच की!" ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं. दोघे भाऊ निम्मा-निम्मा हप्ता भरतात, म्हणजे कागदही निम्मा-निम्मा असणार, असं मी धरून चालले होते. ही आपली बाजू सोडवणार, ओटीच्या मधोमध भिंत घालणार, आणि आम्ही थकलो की आमची बाजूही गिळणार. नवरा समजावायला आला तर मी म्हटलं, "तिचं नाव माझ्यासमोर काढाल तर मी माहेरी निघून जाईन." त्यानं तोंडाला कुलूप लावलं. धाकटीशी मी अबोला धरला तो वर्षभर. चूल एक, अंगण एक, आणि शब्द नाही.

अशात चैत्र आला. धाकटीनं सगळ्यात मोठा घाणा घातला होता. दोन नवे मांडव बांधून अंगण भरून टाकलं होतं. एवढी सुकेळी गेली की शेवटची बाकी फिटणार होती आणि अक्षय्य तृतीयेला मामंजी घरात जेवायला येणार होते. घरात दुसरा विषय नव्हता. दिरानं पडवीला चुना काढला. त्या दिवशी वालाचं बिरडं करा, असं मामंजींनी सांगितलं होतं. कोणाला? तर धाकटीला! त्यांना बिरडं कसं लागतं, नारळ किती लागतो, गूळ किती लागतो, हे ह्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

सहावा-सातवा दिवस असेल सुकेळ्यांचा. धाकटी सकाळीच गोखिवऱ्याला गेली, तिच्या बहिणीचे दिवस भरत आले होते. जाताना तिनं अंगणाच्या फाटकाला दोराचा फास नीट अडकवला. मी ओटीवरून पाहिलं होतं. मग कोळीण आली. मी फाटकाबाहेर जाऊन बोंबील घेतले, दोन्ही हात भरलेले, पाणी गळतंय, तशीच आत आले. फास अडकवायचा राहिला. हे मी मुद्दाम केलं नाही. देवाशपथ सांगते, हे मुद्दाम नव्हतं.

पुढचं मुद्दाम होतं.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी बोंबील साफ करत बसले होते. शेजाऱ्यांची म्हैस दावं तोडून आली, डोक्यानं फाटक ढकललं आणि अंगणात शिरली. नुसतं "हैऽ" म्हटलं असतं तरी फिरली असती. गरीब म्हैस होती, पोरंसुद्धा तिला हाकलायची. मला ती दिसली, मी तिला दिसले. आणि मी गप्प बसून राहिले. तिनं पहिल्या मांडवाला तोंड लावलं. खा, म्हटलं मनात. खा गं बाई, पोटभर खा. मग तिचं शिंग कामट्यांत अडकलं, ती बिथरली, एक मांडव कोसळला, दुसरा कोसळला, सुकेळी मातीत, तिच्या पायांखाली, शेणात. विहिरीवर इंजिन चालू होतं, मामंजींना काही ऐकू जायचं कारण नव्हतं. तिसऱ्या मांडवाकडे वळली तेव्हा मी उठले, काठी घेतली आणि गाव गोळा होईल असं ओरडत धावले.

गाव गोळा झालंच. "थोरली होती म्हणून वाचलं थोडं," बायका म्हणाल्या.

धाकटी तिन्हीसांजेला आली. अंगण बघितलं. मग वर्षभरानं पहिल्यांदा माझ्या दाराशी आली. मला वाटलं, आता भांडेल, आणि भांडायला मी तयारच होते. तर म्हणते, "वहिनी, तुम्ही धावलात म्हणून एक मांडव तरी राहिला. फाटकाला फास मीच अडकवला नाही वाटतं. घाईत होते हो मी." आणि तिला हुंदका आला. मी म्हणाले, "असू दे, होतं असं." बास. एवढंच म्हणाले.

शनिवारी दीर आला, सगळे बसले. बाकी फार नव्हती राहिली. तिथे आमच्या ह्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. "कागद एकच आहे! सबंध घराचा एकच. तिनं वर भरलेला पैसा आपल्याही डोक्यावरचा भार उतरवत होता. तुला सांगायला आलो तर तू ऐकून घेतलंस का?" आणि बोलता बोलता त्यांची नजर माझ्या हातातल्या पाटल्यांवर गेली. मी पदर ओढून हात झाकले.

म्हणजे माझं घरसुद्धा तीच सोडवत होती. ह्यावर माणसाला लाज वाटायला हवी. मला राग आला. हिच्या उपकारावर मी जगायचं? हिनं पाटल्या मोडल्या म्हणून मीही मोडायच्या, आणि लोक म्हणणार, थोरली धाकटीचं बघून शिकली! नाही मोडल्या मी. अक्षय्य तृतीया तशीच गेली.

पावसात सुकेळी वाळत नाहीत. मामंजी म्हणाले, "दसऱ्यानंतर बघू. एवढी वर्षं काढली, चार महिने काय!" पण श्रावणात त्यांना ताप भरला. खोपीत गळत होतं. दोघा मुलांनी त्यांना उचलून घरात न्यायचं ठरवलं तर त्यांनी इंजिनाचं चाक धरून ठेवलं. धाकटी रडून म्हणाली, "मामंजी, कागद सुटल्यातच जमा आहे हो. चला ना घरात." ते म्हणाले, "सुटल्यात जमा म्हणजे सुटला नव्हे, पोरी." तिसऱ्या दिवशी तिथेच गेले.

कागद मार्गशीर्षात सुटला, मुदतीच्या पाच वर्षं आधी. धाकटीनं तो खोपीत नेऊन मामंजींच्या रिकाम्या वळकटीपुढे ठेवला, दिवा लावला, आणि मग आणून आमच्या ह्यांच्या हातात दिला. "थोरल्यांकडेच राहू दे," म्हणाली. भिंत कधीच घातली नाही.

तेव्हापासून आजपर्यंत, घरात कोणी मामंजींचा विषय काढला की ती म्हणते, "मी तेवढा फास अडकवला असता तर ते घरात येऊन गेले असते." पोरांना सांगते, सुनांना सांगते, पाहुण्यांना सांगते. मी शेजारी तांदूळ निवडत असते. परवा दुपारी ओटीवर आम्ही दोघीच होतो. तिला आता नीट दिसत नाही. एकदम माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही घरात होतात. तुम्ही तरी सांगा, मी फास अडकवला होता का हो?"

ओठांवर आलं होतं माझ्या. एक शब्द सांगितला असता तर म्हातारीचा जीव सुटला असता. पण मग तिच्याकडे एकसुद्धा चूक उरली नसती, आणि तेवढं माझ्याच्यानं देववेना.

"आठवत नाही गं," म्हटलं.