विळा काढलेली ओळ

‘‘गणपत, हे विळे काढून टाक. नव्या बुकात एकही नको,’’ कंपाउंडर भाऊराव म्हणाले.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधलं एक गाव, नाव सांगत नाही. माझं शिक्षण मराठी चौथी. इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण अक्षरं पाहून तशीच्या तशी काढायचो, चित्र काढावं तशी. अक्षर बरं होतं, म्हणून रजिस्टरची फेअर कॉपी माझ्याकडे.

विळा म्हणजे प्रश्नचिन्ह. आमच्यात त्याला विळाच म्हणत.

काळे डॉक्टर नागपूरचे. रोगाचं नाव लिहायच्या आधी बरेचदा विळा काढायचे. मला म्हणाले, ‘‘गणपत, याला क्वेरी म्हणतात. म्हणजे मला अजून पक्कं माहीत नाही. ज्याच्या ओळीत विळा, त्याला तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहायचं. तो आला नाही तर तू त्याच्या घरी जायचं.’’ मी सायकल काढून जायचो. ताप उतरला नसला की डॉक्टर रक्त तपासायला नागपूरला पाठवायचे. कितीतरी वर्षं असं चाललं.

शंकेचे इंग्रजी शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो. सस्पेक्टेड लिहिलं की बहुतेक तेच निघणार, रोग्याला वेगळा ठेवा, हात धुवा. डाउटफुल लिहिलं की साहेबाला पटलेलं नाही. मारपिटीच्या केसमध्ये अलेज्ड. एकदा डोकं फुटलेल्या एकानं विचारलं, ‘‘साहेबानं काय लिहिलं?’’ मी म्हटलं, ‘‘तुले मारलं असं तू म्हनतं, असं लिहिलं.’’ तो म्हणाला, ‘‘मंग डोकं काय मी म्हनलो म्हनून फुटलं?’’ साहेब हसले. शब्द तसाच ठेवला.

मग राज्य फुटलं. नागपूर मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदी मुलखात राहिलो, राजधानी भोपाळ झाली. काळे डॉक्टरांनी तिकडची नोकरी घेतली. दवाखान्याचा चार्ज नव्या माणसाला द्यायचा होता. नव्या नमुन्याचं रजिस्टर आलं, चालू रोग्यांची नावं त्यात उतरवायची होती. त्याच आठवड्यात आमचं रिटर्न वापस आलं. रिटर्न म्हणजे रोग्यांचा महिन्याचा तक्ता, वरच्या ऑफिसात जाणारा. प्रत्येक विळ्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल आणि कडेला लिहिलेलं, ‘स्पष्ट लिखें’. भाऊराव घाबरले. म्हणून ते विळे काढून टाकायला सांगून राहिले होते.

गिरजा, माझी बायको, आदल्याच दिवशी दवाखान्यात आली होती. अंगात ताप. काळे डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि मलेरिया लिहिलं. आधी विळा काढला. मला काही बोलले नाहीत. विळा काढला की बोलायची गरज नसायची.

फेअर कॉपी करता करता तिच्या ओळीशी आलो. खोटं सांगत नाही, हात थांबला. भाऊरावांनी पाहिलं. ‘‘घरचं मानूस हाये म्हनून एक ठेवतं का?’’ म्हणाले आणि हसले. मीही हसलो. विळा सोडून नुसतं मलेरिया उतरवलं.

काळे डॉक्टर गेले. त्यांच्या जागी मिश्राजी आले, सागरकडचे, हिंदी बोलणारे. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, घरवालीचा ताप उतरून नाही राहिला. त्यांनी नवं रजिस्टर उघडलं, ओळीवर बोट ठेवलं. ‘‘साफ लिखा है, मलेरिया। पुराने डॉक्टर साहब ने देखा है, मैं क्यों शक करूँ? कुनैन चालू रखो।’’ माणूस वाईट नव्हता. बाहेर मोठी लाइन होती आणि बुक स्वच्छ होतं. विळ्याचं मी सांगितलं नाही.

मी घरी येऊन सांगितलं, ‘‘पक्कं लिहिलं हाये. मलेरियाच.’’

गिरजा म्हणाली, ‘‘कागदाले ताप नाही आला. मले आला.’’

ते माझ्याच हातचं अक्षर होतं. तरी बुकात चढलं की मला ते डॉक्टरचं वाटायचं. मी कुनैन देत राहिलो. त्या कडू गोळ्यांनी तिच्या कानात भुंगा वाजायचा. ‘‘तुमच्या साहेबाले पुन्हा इचारा ना,’’ ती म्हणायची. ‘‘इचारलं,’’ मी सांगायचो. विचारलं नव्हतं. एकदा साहेबानं सांगितल्यावर दुसऱ्यांदा विचारायची मला सवय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिला खालून रक्त गेलं. मिश्राजी स्वतः घरी आले. पोटाला हात लावला आणि लगेच उचलला. म्हणाले, ‘‘यह मलेरिया नहीं है। इतने दिन किसी को शक नहीं हुआ?’’ नागपूरची गाडी दुपारी होती. गिरजा दुपारपर्यंत राहिली नाही.

तेरवी झाली, मी कामावर गेलो. जुनं रजिस्टर मलमाच्या पुड्या बांधायला फाडायचं होतं. ते पान हाती आलं. विळा होता तिथेच होता. दोन्ही रजिस्टरं मिश्राजींच्या टेबलावर ठेवली.

‘‘यह निशान किसने हटाया?’’

भाऊराव दारात उभे होते. खाली पाहून राहिले होते. मी म्हटलं, ‘‘मैंने।’’ ते खरंच होतं.

मिश्राजींनी चष्मा काढला. मग मृत्यूचं रिटर्न पुढे ओढलं. ‘‘लिखो, एन्टेरिक.’’ एन्टेरिक म्हणजे आतड्याचा ताप, टायफाइड. अक्षरं त्यांनी चिठ्ठीवर काढून दिली. ‘‘और आगे क्वेरी लगाओ। खून की जाँच नहीं हुई, मुझे भी पक्का नहीं मालूम।’’

मी विळा काढला. रिटर्न वापस आलं, लाल गोल, स्पष्ट लिखें. भाऊरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तसंच पाठवलं. पुन्हा वापस आलं. पुन्हा तसंच पाठवलं. मग आलं नाही. गिरजाला त्याचा काय उपयोग.

पुढे रिटायर होईपर्यंत एकही विळा गाळला नाही. मिश्राजींना सांगून तिसऱ्या दिवसाची सायकलही पुन्हा सुरू केली. कोणी वाचले, कोणी नाही. एवढंच शिकलो, की डॉक्टरची शंका ही रोग्याची असते. उतरवून घेणाऱ्यानं ती साफ करू नये.

तिच्या ओळीवरून मात्र तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा पाहायला कोणी गेलं नाही. त्या घरी जायला मला सायकलही लागली नसती.