अण्णाचा अँपिअर

कोडोलीहून फोन आला तेव्हा मी शिवाजी पेठेतल्या आमच्या दुकानात एका जळलेल्या मोटरीतली तार काढत होतो. पलीकडे शेवंताआक्का होत्या. आदल्याच दिवशी विहिरीवरची मोटर आमच्याकडून पुन्हा भरून, म्हणजे आत नवी तार गुंडाळून, घेऊन गेल्या होत्या. "तुमचं अण्णा बांधावर बसल्यालं… उठंनात," एवढंच म्हणाल्या. अण्णा गेला त्याला सहा आठवडे झाले. तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही.

अण्णा माझा थोरला भाऊ. मोटरी भरण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि एक हट्ट त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. दुरुस्त मोटर मोकळी, पंपाचा भार न देता चालवायची, वायरीला चिमट्यासारखं क्लॅम्प मीटर लावायचं आणि ती किती करंट घेते (जास्त घेतला तर भरण्यात खोट) ते गिऱ्हाइकानंच मोठ्यानं वाचायचं, आपापल्या भाषेत. सीमेकडचा कानडी शेतकरी 'मूरु आंपियर' म्हणे, हुपरीचा चांदीवाला नुसतं 'तीन अँप', गुऱ्हाळावरचा बिहारी 'तीन एम्पियर'. अण्णाला याची भारी गंमत वाटे. "फ्रान्सातल्या कुणाचं तरी आडनाव हाय म्हणं ते. आपलं गल्लीत धड कुणी घेत न्हाय, आन ह्येचं बघ की," म्हणायचा. गिऱ्हाइकांची शाळा कशाला भरवतोस, म्हणून मी करवादायचो. आपण सांगितलं तर माणूस नुसती मान डोलावतो, स्वतः वाचलं तर घरी जाऊन चार जणांना सांगतो, असं त्याचं म्हणणं.

शेवंताआक्कांची मोटर मी भरली होती. अण्णा रक्तदाब दाखवायला दवाखान्यात गेलेला. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आक्का म्हणाल्या मला वाचता येत नाही, आणि मीटर न लावताच मी मोटर चढवून दिली. अण्णानं आल्याआल्या विचारलं, किती अँपिअर घेतले? मीटर लावलंच नाही, मी कबूल केलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं… दुसऱ्या दिवशी मीटर पिशवीत घालून तो कोडोलीच्या एसटीत बसला. तू थांब, मी जातो, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.

परवा आक्का दुकानात आल्या. मोटरीत खोट होती का, मी सरळच विचारलं. असली तर चूक माझी, नसली तर तो उगाच उन्हात गेला. दोन्ही उत्तरांची मला धास्ती होती.

आक्का सांगू लागल्या. विहिरीवर मोटर पंपासकट चालू करून अण्णानं मीटर त्यांच्या हातात दिलं आणि विळ्यासारखा दिसतो तो सात, असं शिकवलं. त्यांनी 'सात अँपिअर' दोनदा मोठ्यानं म्हटलं. तेव्हा अण्णा हसला.

"मोटर बरोबर हाय, म्हणालं. भावाचा हात आता बसलाय. मी जरा टेकतो."

इतक्या वर्षांत हे त्यानं मला एकदाही म्हटलं नव्हतं. आक्का गेल्यावर मी दुकानात नुसता येरझारा घालत राहिलो. घरी येऊन तो मला हे सांगणार होता का, हे कुणाला विचारू? आक्कांना तरी ते कुठून ठाऊक असणार…