माह्या गोळ्या, माहं घर

"म्हातारी भरमिष्ट झाली," असं पोरानं डॉक्टरले सांगितलं. माह्यासमोर! मी काय खुर्चीवर ठेवलेलं गाठोडं होती? पण खरं सांगते, जीभ जड झाली होती. उठली की घेरी याची. न्हाणीत पडली बी. पोरगा पुण्याले नोकरीले. त्यानं ठरवूनच टाकलं, की आमच्या बंजारा तांड्यातल्या घराले कुलूप लावाचं अन् मले तिकडं फ्लॅटमधी नेऊन ठेवाचं. माह्या जिवाचं पाणी पाणी झालं.

आमच्या तांड्यात आजारी माणसाले भेटाले कोणी रिकाम्या हातानं येत नाही. पयले केळं आणत, बिस्किटाचा पुडा आणत. आता गोळ्या आणतात! "मले फरक पडला बाई, तू बी घे." कोणी गुडघ्याची, कोणी खाजेची, कोणी झोपेची. हातात दिलेलं परत करावं, तर तिचं तोंड पडते. म्हणून मी समद्या गिळल्या, माह्या रोजच्या बीपीच्या गोळीवर.

पुण्याले न्यायच्या आधी पोरानं मले पुसदले दुसऱ्या एका डॉक्टरीण बाईकडे नेलं. आमच्यात आईले याडी म्हणतात; तो "याडीले ना..." म्हणून सुरू झाला, तर बाईनं त्याले थांबवलं. "तुम्ही नाही. आई, तुम्ही सांगा. दिवसभरात काय काय घेता?"

मी पिशवी टेबलावर उपडी केली. पोराचा चेहरा पाहण्यासारखा झाला!

बाई म्हणाल्या, "वय झालं की औषध अंगात जास्त वेळ राहतं. खाजेची अन् झोपेची मिळून तुमचं डोकं बधिर करतात, तोल घालवतात. गुडघ्याच्या गोळीनं बीपी वाढतं. झोपेची आपण हळूहळू कमी करू, मनानं एकदम सोडू नका. बाकीच्या दुसऱ्याच्या गोळ्या आजपासून बंद."

डोकं मोकळं होत गेलं, घेरी बी थांबली. आता कोणी गोळी आणली, तर सरळ सांगते, नाही घेत. पडलं तिचं तोंड, तर पडू दे.

पोरगा तवा एकटाच पुण्याले गेला होता, दिवाळीले मले न्याले कुलूप घेऊनच आला. मी भाकरी थापत होती. पाहतच राह्यला.

"याडी, गोळ्यांचं आधी सांगितलं काहून नाही?"

"तू विचारलं काहून नाही? मी तिथंच बसली होती रे बाप्पा. बधिर झाली होती, मेली नव्हती!"

तो जेवला. हात धुतल्यावर म्हणाला, "तुह्या मनात काय हाये, याडी?"

एवढ्या दिवसांत हे त्यानं पयल्यांदा विचारलं.

"इथंच राहाचं," मी म्हटलं. "अन् पडलीच, तर माह्याच अंगणात पडीन."